21 नव्या जिल्ह्यांची यादी आली, पण गावांची यादी कुठाय?

तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. महाराष्ट्रात 26 जानेवारीपासून 21 नवे जिल्हे होणार, सरकारची मंजुरी मिळाली, आणि खाली यादी: जळगावातून भुसावळ, लातुरातून उदगीर, बीडमधून अंबाजोगाई, नाशकातून मालेगाव आणि कळवण, पुण्यातून बारामती आणि शिवनेरी, अहिल्यानगरातून शिर्डी, संगमनेर आणि श्रीरामपूर, पालघरातून जव्हार, शिवाय माणदेश, महाड, मंडणगड, पुसद, अहेरी वगैरे. काही ग्रुपवर आकडा 22 होतो. साल बदलतं, 26 जानेवारी मात्र कायम. सोबत कुणीतरी हौसेने रंगवलेला नकाशा असतो आणि खाली चर्चेत भर पडत जाते: राष्ट्रपतींची सही झाली, आरटीओचा नंबर मिळाला, खासदार बदलणार, सातबारे नव्याने काढावे लागणार. यातलं एकेक घेऊ.

मंजुरीपासून सुरुवात करू, कारण बाकीचा डोलारा तिच्यावर उभा आहे. मंत्रिमंडळाने मान डोलावली म्हणून जिल्हा होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 4 नुसार कोणत्या जिल्ह्यांचा मिळून विभाग, कोणत्या तालुक्यांचा मिळून जिल्हा, कोणत्या गावांचा मिळून तालुका आणि कोणत्या क्षेत्राचं मिळून गाव, हे राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवतं. हद्दी बदलणं, दोन भाग करणं, जोडणं, नाव बदलणं, सगळं याच कलमाखाली. आणि याच कलमात एक अट आहे, ती फॉरवर्ड करणाऱ्यांना ठाऊक नसते: अधिसूचना आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध करायची, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवायच्या, त्यांचा विचार करायचा, मगच अंतिम अधिसूचना. म्हणजे एका रात्रीत, गुपचूप, 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला जिल्हा जाहीर करायची सोय कायद्यात नाहीच.

हद्द सोडा, नुसत्या नावालाही ही वाट चुकत नाही. औरंगाबाद शहराचं नाव फेब्रुवारी 2023 मध्ये बदललं. पण जिल्हा आणि तालुका तेव्हा औरंगाबादच राहिले. महसुली क्षेत्राच्या नावासाठी वेगळी प्रारूप अधिसूचना निघाली, हरकतींचा पाऊस पडला, आणि अंतिम अधिसूचना आली सप्टेंबर 2023 मध्ये. मधले सहा-सात महिने शहर छत्रपती संभाजीनगर आणि जिल्हा औरंगाबाद, अशी स्थिती होती. एका नावाला एवढं लागतं, तर 21 जिल्ह्यांच्या हरकतींचा किती गाजावाजा झाला असता, याचा अंदाज करा. मालेगाव किंवा अंबाजोगाईच्या बाजूने आणि विरोधात मोर्चे निघाले असते, बंद पुकारले गेले असते. ग्रुपवर नुसते अंगठे उठले नसते.

आता नकाशा. जिल्ह्याची हद्द म्हणजे नकाशावरची रेघ, असं आपल्याला शाळेपासून वाटतं. कायद्यात जिल्हा म्हणजे यादी असते. जिल्हा ही तालुक्यांची यादी, तालुका ही गावांची यादी, आणि प्रत्येक गावाची शीव भूमी अभिलेखच्या गावनकाशात बांधलेली. रेघ त्या यादीतून निघते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा ठाण्यातून पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा असे आठ तालुके गेले आणि ठाणे, कल्याण, मुरबाड, भिवंडी, शहापूर, उल्हासनगर, अंबरनाथ हे सात उरले. एवढं सांगितलं की हद्द सांगून झाली. 1 मे 1981 ला जालना झाला, तेव्हा बाकी तालुके औरंगाबादचे होते, पण परतूर परभणीतून आला. म्हणजे नवा जिल्हा एकाच जुन्या जिल्ह्याचे दोन तुकडे करून होतो, असंही नाही.

सीमेवरच्या गावात राहणाऱ्यांनी गुगल मॅपवरच्या तुटक रेघेवरून भांडू नये ते याचसाठी. तुमचं शेत कोणत्या जिल्ह्यात, हे तुमचा गट कोणत्या गावच्या दप्तरात आहे त्यावरून ठरतं. सातबाऱ्याच्या माथ्यावर गाव, तालुका, जिल्हा छापलेलं असतं, ते बघा. शेजारच्या गावाशी शिवेचा वाद असेल तर तो मोजणीने, शिवेच्या दगडांवरून सुटतो. संहितेत हद्दी आणि हद्दीच्या खुणांवर स्वतंत्र प्रकरणच आहे. फोनमधल्या निळ्या ठिपक्याला तिथे कुणी विचारत नाही.

या कसोटीवर मेसेजमधली यादी लावली की तिची हवा जाते. माणदेश घ्या. माणदेश म्हणून आपण जो भाग ओळखतो, तो माण-खटावात आहे, आटपाडीत आहे, सांगोल्यातही आहे. म्हणजे सातारा, सांगली, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत. मग कोणता तालुका आत, कोणता बाहेर? मुख्यालय दहिवडीला की आटपाडीला? मेसेज गप्प. शिवनेरीचंही तेच. किल्ला जुन्नरात आहे, ठीक. पण आंबेगाव आणि खेड जिल्ह्यात धरायचे की नाहीत? किल्ल्याचं नाव लिहून हद्द होत नाही.

सगळ्यात मजा अहिल्यानगरची. 14 तालुके आणि सुमारे 17,000 चौरस किलोमीटर असलेला हा राज्यातला क्षेत्रफळाने सर्वात मोठा जिल्हा. विभाजनाची मागणी जुनी आणि रास्त आहे, हे आधी सांगून टाकतो. पण गाडी कायम एकाच जागी अडते: मुख्यालय कुठे? श्रीरामपूरकर म्हणतात आमच्याकडे, संगमनेरकर म्हणतात आमच्याकडे, शिर्डीचं पारडं वेगळंच. मेसेज लिहिणाऱ्याने हा तिढा झकास सोडवलाय, तिघांनाही एकेक जिल्हा देऊन टाकला! उत्तरेत अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा हे तालुके. तिघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन, फार तर तीन येतात. प्रत्येकी एक जिल्हाधिकारी, एक पोलीस अधीक्षक, एक जिल्हा परिषद. एवढं वाचल्यावर तरी फॉरवर्डचं बटण दाबणारा अंगठा थबकायला हवा होता.

राष्ट्रपतींच्या सहीचं फार ताणत नाही. राज्याची हद्द बदलायची तर संविधानाच्या अनुच्छेद 3 नुसार संसदेने कायदा करावा लागतो. जिल्हा हा राज्याचा विषय आहे, त्याची फाईल दिल्लीला सहीसाठी जातच नाही.

आरटीओच्या नंबराचा दावा जास्त चिवट आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. श्रीरामपूरला एमएच 17, मालेगावला एमएच 41, बारामतीला एमएच 42, अंबाजोगाईला एमएच 44 हे नंबर खरेच आहेत आणि बरीच वर्षं आहेत. पण ते परिवहन खात्याच्या कार्यालयाचे नंबर आहेत. पोलिसांची हद्द आणखी वेगळी: मिरा-भाईंदर, वसई-विरार हे एकच पोलीस आयुक्तालय आहे, त्यातलं मिरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आणि वसई-विरार पालघर जिल्ह्यात. अपर जिल्हाधिकारी बसला की आता जिल्हा होणारच, हेही ऐकू येतं. शिर्डीला 2023 मध्ये अपर जिल्हाधिकारी कार्यालय झालं तेव्हा हीच कुजबुज होती. जव्हारच्या लोकांना विचारा. तिथे ठाणे जिल्हा असतानाच अपर जिल्हाधिकारी बसत होता, आणि प्रत्यक्ष जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय गेलं पालघरला.

खासदार बदलण्याचं म्हणाल, तर मतदारसंघाच्या रेषा परिसीमन आयोग आखतो, महसूल खातं नाही. मावळ लोकसभा मतदारसंघात पुणे जिल्ह्यातले मावळ, चिंचवड, पिंपरी आहेत आणि घाट उतरून रायगडातले कर्जत, पनवेल, उरणही आहेत. जिल्हा बदलला तरी तुमचा मतदारसंघ त्याच दिवशी हलत नाही.

सातबाऱ्याची धास्ती गावाकडे खरोखर पसरते आणि दलालांचं तिच्यावर फावतं, म्हणून स्पष्ट लिहितो. जिल्हा बदलला तरी गाव तेच, गट नंबर तोच, मालकी तीच. माथ्यावरचं जिल्ह्याचं नाव सरकारी दप्तरात बदलतं. जुनी खरेदीखतं त्यामुळे रद्द होत नाहीत. नव्या जिल्ह्यासाठी कागद करून देतो म्हणत कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

राहिली तारीख. 1960 साली राज्यात 26 जिल्हे होते, आज 36 आहेत. वाढलेल्या दहांपैकी एकही 26 जानेवारीला झालेला नाही: सिंधुदुर्ग आणि जालना 1 मे 1981, नंदुरबार आणि वाशीम 1 जुलै 1998, हिंगोली आणि गोंदिया 1 मे 1999, असा हिशेब आहे. त्यात आता जनगणना. तिच्यासाठी गाव, तालुका, जिल्हा यांच्या हद्दी 31 डिसेंबर 2025 च्या स्थितीला गोठवल्या आहेत, आणि जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. घरोघर मोजणी चालू असताना खालचा जिल्हाच बदलला तर आकडे कोणत्या खान्यात टाकणार, हा साधा प्रश्न त्यामागे आहे. तेव्हा मधल्या काळातल्या कुठल्याही 26 जानेवारीचा मेसेज आला तर पाठवणाऱ्याकडे प्रारूप अधिसूचनेचा क्रमांक आणि हरकतींची शेवटची तारीख मागा.