‘व्हर्टिगो’च्या नामावलीबद्दल फिरणारा संदेश

दिग्दर्शक हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटाच्या (1958) सुरुवातीच्या नामावलीबद्दल एक संदेश सिनेप्रेमींच्या ग्रुपवर फिरतोय. नामावलीत दिसणारा डोळा चित्रपटाची नायिका किम नोवाकचा आहे आणि फिरणारे भोवरे (सर्पिल आकृत्या) डिझायनर सॉल बास यांनी एकट्याने, हाताने चित्रं काढून केले, असं त्यात म्हटलंय. दोन्ही चूक.

तो चेहरा नोवाकचा नाही, दुसऱ्याच स्त्रीचा आहे. चित्रपटातले नोवाकचे क्लोज-अप शेजारी लावून पाहिले तरी कळतं. नामावलीची कल्पना आणि रचना बास यांचीच, पडद्यावर तसं श्रेयही आहे. पण भोवरे घडवले अ‍ॅनिमेशनकार जॉन व्हिटनी यांनी, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानवेधी तोफांचा नेम काढणाऱ्या यांत्रिक गणनयंत्राचा उपयोग करून. व्हिटनींच्या कामावरच्या लेखनात हे नोंदलेलं आहे. गणिती वक्र इतके नेमके आणि न अडखळता फिरतात ते त्यामुळेच. (मला तर युद्धाचं यंत्र इथे पोचलं हीच गोष्ट जास्त थरारक वाटते.)

आणि भीती केवळ भोवऱ्यांतून येत नाही. आधी चेहरा तुकड्यातुकड्यांत दिसतो: ओठ, मग अस्वस्थपणे इकडेतिकडे हलणारे डोळे. मग पडदा लाल होतो आणि बुबुळातून शीर्षक बाहेर येतं. बर्नार्ड हर्मनच्या संगीतात चढते-उतरते स्वर एकमेकांविरुद्ध फिरत राहतात, विसावत नाहीत. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच आपला तोल गेलेला असतो.

जुना संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.