पोस्ट, अटक आणि आपल्या टाळ्या

अभिनेत्री केतकी चितळे मे 2022 मध्ये शरद पवारांवरच्या फेसबुक पोस्टपायी आत गेली तेव्हा माझ्या यादीतल्या बऱ्याच पुरोगामी मित्रांनी "बरी जिरली" म्हटलं होतं. मे 2025 मध्ये पुण्याची एक 19 वर्षांची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी 'ऑपरेशन सिंदूर'वरच्या पोस्टपायी येरवड्यात गेली, तेव्हा तेच शब्द दुसऱ्या गोटातून आले. त्या पोरीने पोस्ट काढून टाकली होती, माफीही मागितली होती. तरी अटक झाली. वर कॉलेजनेही काढून टाकलं. परीक्षा चालू होत्या. शेवटी हायकोर्टाने सरकारचे कान उपटले आणि तिला सोडायला लावलं.

2012 मध्ये पालघरच्या दोन मुली आठवतात? बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने लिहिलं, दुसरीने फक्त लाइक केलं. दोघींना अटक, आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड. तेव्हा आघाडीचं राज्य होतं. केतकीच्या वेळी महाविकास आघाडीचं, पुण्याच्या वेळी महायुतीचं. मंत्रालयात माणसं बदलतात, पोलीस ठाण्यात पद्धत तीच.

आणि पद्धत साधी आहे. नेत्याच्या कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत तक्रारी द्यायच्या. केतकीवर वीसहून जास्त गुन्हे दाखल झाले, तेही दुसऱ्या कुणाच्या तरी कवितेवरून. एका ठाण्याची कोठडी संपली की दुसरं ठाणं ताबा मागायला हजर! चाळीसेक दिवस गेले. त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातला एक फार्मसीचा विद्यार्थीही असाच एका ट्विटपायी महिनाभर आत होता. शिक्षा व्हावी म्हणून कुणी हे करतच नाही. जामीन, वकिलाची फी, तारखा, जप्त झालेला मोबाइल, एवढ्यात काम भागतं. बघणारे शंभर जण आपोआप गप्प बसतात.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच सांगितलंय. पालघरनंतर गाजलेलं, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरावर गुन्हा लावणारं आयटी कायद्याचं 66-अ कलम तर 24 मार्च 2015 ला रद्दच झालं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवणं सुरूच राहिलं! पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सुप्रीम कोर्टात दिलेल्या आकडेवारीत त्यानंतरच्या अशा गुन्ह्यांत महाराष्ट्र पहिला, 381. (पुरोगामी महाराष्ट्र वगैरे.) रद्द झालेलं कलम ठाणे अंमलदाराला माहीत नसेल, हे एकवेळ मान्य. सरकारी वकिलांनाही माहीत नव्हतं?

पालघरच्या प्रकरणात निदान दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. त्यानंतर चुकीच्या अटकेची किंमत कुठल्या अधिकाऱ्याने मोजली, मला तरी आठवत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

आता खाली कुणीतरी विचारणारच, "पण तिने काय लिहिलं होतं ते वाचलंय का?" वाचलंय. केतकीने टाकलेली कविता हिणकस होती, आजाराची टिंगल करणारी. मी तेव्हाच तिला अनफॉलो केलं. तेवढं पुरलं मला.