तीस सेकंदांच्या उठाबशा

माझ्या गुडघ्याचा एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "गादी झिजलीय, पण वाटी बदलायची घाई नको. आधी फिजिओकडे जा आणि तुम्हाला काय काय जमतंय ते मोजून घ्या." साखर, बीपी, वजन सगळं मोजून झालं होतं. माणूस खुर्चीतून कसा उठतो तेही मोजतात, हे मात्र रिटायर होऊन ठाण्याच्या नौपाड्यात निवांत बसल्यावर कळलं.

फिजिओ म्हणजे आमच्या नातीएवढी मुलगी. तिने बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. "काका, हात छातीवर आडवे घ्या. तीस सेकंदांत जितक्या वेळा उभं राहून परत बसता येईल तितक्या वेळा. पूर्ण ताठ हं!" खुर्ची साधारण ४३ सेंटिमीटर उंच लागते म्हणे. आमच्या सोफ्यात बसलं की माणूस त्याच्या निम्म्यावर जातो आणि वर यायला घरातलं कोणीतरी हाताशी लागतं. इथे हात टेकवून उठलात तर थेट शून्य. पण घड्याळ थांबताना अर्ध्याहून अधिक उठलेले असलात, तर ती उठाबशी पूर्ण धरतात. अर्ध्या कामाला पूर्ण मार्क देणारा नियम मी सरकारी नोकरीबाहेर प्रथमच पाहिला.

मग चाळीस मीटर चालणं. दहा मीटरची पट्टी, तिच्यावर चार फेऱ्या, जमेल तितक्या भरभर पण न धावता. हे ठाणेकराला शिकवावं लागत नाही. शिवाय बाकावर दोन काकू नंबर लावून बसल्या होत्या, त्यामुळे मी जरा जास्तच तडफ दाखवली. त्या तडफेचं बिल गुडघ्याने रात्री पाठवलं. पुढची परीक्षा जिन्याची. कठडा गुळगुळीत, पायऱ्या एकसारख्या, वर लख्ख उजेड. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणून लिफ्टविना तशीच उभी आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तिथला जिना चढायला लावला असता तर स्टॉपवॉचऐवजी कॅलेंडर लागलं असतं.

खरी गंमत फॉर्ममध्ये होती. 'वोमॅक' त्याचं नाव. कॅनडातल्या दोन विद्यापीठांची नावं त्यात कोंबली आहेत. एकूण २४ प्रश्न: ५ दुखण्याचे, २ आखडण्याचे आणि १७ रोजच्या हालचालींचे. प्रत्येकाला शून्य ते चार मार्क आणि ९६ पैकी जितके जास्त तितकी तब्येत वाईट. अशी मार्कशीट शाळेत असती तर मी बोर्डात आलो असतो.

"मोजे घालताना त्रास?" मुलगी वाचत होती.

"मोजे घालतो कोण? चपला आहेत."

"मोजे काढताना?"

मी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"बाथटबमध्ये उतरताना?"

"बादलीत कोणी उतरतं का गं?" सौ.ने विचारलं.

गाडीत चढण्या-उतरण्याचाही प्रश्न होता, म्हणजे मोटारीत. संध्याकाळी ठाणे स्टेशनात गाडी दुसऱ्याच फलाटावर येणार अशी घोषणा होते आणि अख्खा फलाट पुलाकडे धावतो, त्याबद्दल चकार शब्द नाही. मांडी घालून बसणं नाही, पंगतीतून उठणं नाही, गावाकडचा संडास नाही. मी तक्रार केल्यावर मुलीने दुसरा फॉर्म काढला, 'कूस' नावाचा. त्यात उकिडवं बसणं आहे, पण ते धावण्या-उड्या मारण्याच्या शेजारी, 'खेळ आणि करमणूक' या सदराखाली. सत्यनारायणाला भटजी 'जरा पुढे सरका' म्हणतात तेव्हा माझी होते ती करमणूकच असणार.

"तुम्ही प्रत्यक्ष काय करता ते आम्ही घड्याळावर मोजतो, आणि तुम्हाला काय वाटतं ते फॉर्मवर," मुलगी समजावत होती. "दोन्हींचा मेळ बसतोच असं नाही, म्हणून दोन्ही घेतो." हे पटण्यासारखं होतं. नवऱ्यांच्या बाबतीत तर फारच, असं सौ.च्या चेहऱ्यावर दिसलं.

शेवटचे प्रश्न घरकामाचे. "जड घरकाम करताना काकांना किती त्रास होतो?"

"हा रिकामा सोड," सौ. म्हणाली.

"मग हलकं घरकाम?"

"तोही. आणि खरेदीचं दोनदा लिही. भाजीला पाठवलं की अतिशय त्रास, गडकरीला नाटकाची तिकिटं काढायला अजिबात नाही."