फॅमिली दाखवा

पँट दोनदा धुतली, तरी खिशाच्या शिवणीतून बाजरीचं पीठ निघतंच आहे. काळी, इस्त्रीची, ठेवणीतली पँट. घरमालकावर छाप पडावी म्हणून रविवारी सकाळी मुद्दाम घातली होती.

सांगलीहून नाशिकला बदली, कंपनी अंबड एमआयडीसीत, लेकीची वार्षिक परीक्षा झाली की बायको आणि ती येणार, तोवर मी गेस्ट हाऊसमध्ये आणि फ्लॅटच्या शोधात. एवढी पार्श्वभूमी पुरे.

कुठे राहावं हे नाशिकमध्ये कोणाला विचारावं लागत नाही, लोक आपणहून सांगतात. कॉलेज रोडवाल्याच्या हिशेबात पाथर्डी फाटा नाशकात येतच नाही. पंचवटीचा माणूस म्हणतो, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, दोन्ही काठांना आहे तेवढंच खरं नाशिक, बाकी सगळी एमआयडीसी. सिडकोतला माणूस 'पाचवी स्कीम' एवढाच पत्ता सांगतो आणि आपल्याला पहिल्या चार पाठ असल्यासारखा बघत राहतो. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत आहे : नाशकात कुठूनही कुठेही दहा मिनिटं लागतात. गंगापूर रोडहून अंबड? दहा मिनिटं. इंदिरानगरहून कॉलेज रोड? दहा मिनिटं, बोगदा मोकळा मिळाला तर. इंदिरानगरचा तो बोगदा मोकळा पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय.

माझी अडचण वेगळीच होती. मी सांगलीचा. आम्ही घर बघताना हवा, उजेड, वास्तू नंतर बघतो, आधी विचारतो, पाणी कुठवर येतं? नळाचं नव्हे, नदीचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हापासून तळमजला म्हटलं की आमच्या घरात कोणी जेवण पुरं करत नाही. नाशिकच्या एजंटला हा प्रश्न विचारला की तो उत्साहाने सांगतो, "गंगापूर धरणाचं पाणी आहे सर, गोड एकदम." पुराचं विचारतोय म्हटलं की हसतो. इथे पूर फुटांत मोजतच नाहीत, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. हे सगळं चहा पीत सांगतात. मारुती पाथर्डी फाट्यापेक्षा किती फूट खाली आहे, हे मात्र कोणी सांगेना.

भाड्याचंही तसंच. आकडा जास्त वाटतोय म्हटलं की एजंट म्हणतो, "सिंहस्थ येतोय ना सर." सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, मागचा 2015 ला झाला, आता 2027 ला मोठी स्नानं आहेत, हे सगळं मान्य. पण रामकुंडापासून इतक्या लांब, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके कोणता आखाडा अकरा महिन्यांच्या करारावर घेणार आहे?

तर रविवारी पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत अकरा वाजता हजर झालो. एजंट म्हणाला, "मालक नाशिकरोडहून निघालेत, दहा मिनिटं." तो दुसऱ्या पार्टीला आणायला गेला आणि मी पार्किंगमध्ये उभा राहिलो. तिथे लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर एक काका बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायाशी कोणाची तरी चप्पल उलटी पडलेली, ती त्यांनी पायाच्या अंगठ्याने सुलटी केली. त्या एका कृतीवरून मी ठरवून टाकलं की हे सोसायटीचे चेअरमन.

"फ्लॅट बघायला?"

"हो काका."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठीच. म्हणजे फॅमिलीसाठी."

काकांनी माझ्या मागे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. "कुठाय?"

"काय?"

"फॅमिली."

सांगलीला आहे, परीक्षा झाली की येईल, असं सांगितलं. काकांनी मान हलवली. "असं सगळेच सांगतात. फॅमिली येणार येणार म्हणतात, आणि सहा महिन्यांनी बघावं तर आत चार पोरं आणि एक गिटार." मग नाव, आडनाव, गाव, पगार. पगार मी खरा सांगितला, हे मला अजून झोपू देत नाही. बायकोच्या सख्ख्या भावाला मी पगार सांगितलेला नाही.

"आधार कार्ड आणलंय?"

दिलं. काका नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. त्यांनी माझं आधार कार्ड दोन बोटांत धरलं, उठले, पार्किंगच्या कडेला उन्हात गेले आणि ते उजेडाकडे धरून खालून वर, वरून खाली बघितलं. माझ्या चेहऱ्यात वॉटरमार्क सापडला नसावा, कारण परत येऊन म्हणाले, "फॅमिली दाखवा."

"आता?"

"व्हिडिओ कॉल असतो ना?"

मी लावला. माझ्याकडे घर नव्हतं आणि त्यांच्याकडे खुर्ची होती. बायको रविवारची, डोक्याला तेल लावून, केसांवर जुनं पातळ गुंडाळून समोर आली. "अहो, हे काय, कोण आहे तिथं?" मी हळू आवाजात म्हटलं, "सोसायटीचे आहेत, नमस्कार कर." तिने केला. काकांनी फोन हातभर लांब धरला.

"वहिनी, नमस्कार. माहेर कुठलं?"

"तासगाव."

"म्हणजे द्राक्षं." काका खुर्चीत मागे रेलले. "पण आमच्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षाला तुमचं द्राक्ष येत नाही हं."

यानंतर दहा मिनिटं (ही खरीखुरी दहा मिनिटं होती) माझ्या मोबाइलवर, माझ्या डेटावर, तासगाव विरुद्ध निफाड असा सामना झाला. बायको म्हणाली, तुमचं द्राक्ष खायचं, आमचा बेदाणा वर्षभर टिकतो. काका म्हणाले, जे विकलं जात नाही ते वाळवतात. बायकोचे डोळे बारीक झाले. मी मध्ये "काका, नेटवर्क..." म्हणून पाहिलं. मग काकांनी विचारलं, "नॉनव्हेज करता का घरात?" बायको म्हणाली, "तुम्हाला बोलवून करू." आणि फोन बंद झाला. तो नेटवर्कमुळे बंद झाला नव्हता.

"फॅमिली तिखट आहे," काका म्हणाले, आणि आधार कार्ड परत दिलं.

हसायला ठीक आहे. पण दोन महिन्यांत मी अशा किती खुर्च्यांसमोर उभा राहिलो, मोजायचं सोडून दिलंय. आडनाव सांगितल्यावर समोरचा "म्हणजे तुम्ही..." एवढंच म्हणून थांबतो आणि पुढची टिंबं मी भरायची असतात. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे, पण नोंदणीचे हजार रुपये, स्टँप ड्युटी, एजंटचं एक महिन्याचं भाडं, सगळं आमच्या अंगावर. निघताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार, आधीच्या भाडेकरूचे कापलेले कुठे गेले ते भिंतीकडे बघून कळतंच. आणि हे मला. माझ्याबरोबर बदलून आलेल्या सहकाऱ्यासाठी फोनवर नाव सांगेपर्यंत फ्लॅट रिकामा असतो, नाव सांगितलं की तो कालच गेलेला असतो. गेला दीड महिना तो माझ्या शेजारच्या कॉटवर झोपतोय. मी निदान पार्किंगपर्यंत तरी पोचतो.

पाऊण तास झाला. एजंटचा फोन आला, मालक द्वारका चौकात अडकलेत. काका म्हणाले, "द्वारकेवरून कशाला आला येडा? वडाळ्यावरून यायचं ना." मला बरं वाटलं. चेअरमन माझ्या बाजूने बोलायला लागले होते.

तेवढ्यात कंपाउंडच्या पलीकडून आवाज आला, "काकाऽ, दळण झालं!"

काका उठले.

"तुम्ही... इथेच राहता ना?" मी विचारलं.

"छे. मी राणेनगरला. गिरणीत उभं राहिलं की पीठ नाकात जातं, म्हणून इथे बसतो. वॉचमनची खुर्ची आहे ही." दोन पावलं जाऊन ते वळले. "गाडी आहे ना तुमची? सोडा जरा. दहा मिनिटं."

सोडलं. का सोडलं ते मला विचारू नका. पगार माहीत असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही बहुतेक. डबा पंधरा लिटरचा, पत्र्याचा, गरम, झाकण सैल. तो माझ्या मांड्या आणि पेट्रोलच्या टाकीच्या मध्ये ठेवला होता, कारण काकांच्या गुडघ्याला त्रास होतो. सर्व्हिस रोडवर जितके स्पीड ब्रेकर लागले तितक्या वेळा झाकण उडालं आणि बसलं.

त्यांच्या गेटपाशी पोचलो तोच फोन वाजला. एजंट. "सर, कुठे गेलात? मालक आले ना. दुसऱ्या पार्टीने टोकन दिलं. ते फॅमिली घेऊनच आले होते."

"गेला?" काकांनी विचारलं. "बरं झालं. पश्चिमेचा फ्लॅट तो, उन्हाळ्यात तापला असता."

मी डबा उचलून त्यांच्या दारात नेऊन ठेवला. आतून काकूंचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. कमरेपासून खाली मी पांढरा झालो होतो.

"कोणी नाही," ते म्हणाले, "गिरणीतला पोरगा आहे. डबा पोचवायला आला."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी दहाची नोट काढली. काकांनी ती मध्येच घेतली, सवयीने उजेडाकडे धरली, खालून वर, वरून खाली पाहिली आणि माझ्या हातात दिली.

मी घेतली.