मीटर मागे फिरवणं भारतात ‘कायदेशीर’ आहे?

सेकंड हँड गाड्यांच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय: “ओडोमीटरबद्दल भारतात कायदाच नाही, त्यामुळे किलोमीटर कमी करणारं यंत्र वापरणं कायदेशीर आहे. गाडी तपासून घेणं घेणाऱ्याचं काम. आणि एकदा रीडिंग बदललं की कुणाला कळत नाही.” यावर विसंबून लोक फसतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘कायदाच नाही.’ मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये ओडोमीटरच्या नावाने वेगळा गुन्हा नाही, एवढंच खरं. अमेरिकेने 1972 च्या कायद्याने, तर जर्मनीने 2005 मध्ये तो गुन्हा ठरवला. पण 1,20,000 किलोमीटर चाललेली गाडी 48,000 दाखवून विकली, तर ती सरळ फसवणूक: भारतीय न्याय संहिता, कलम 318(4), सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 1 जुलै 2024 आधीच्या व्यवहाराला जुनं 420. गाडी कशासाठी आणली हे ठाऊक असून मीटर फिरवून देणारा कारागीरही यातून सुटत नाही. यंत्राचं रास्त काम म्हणजे क्लस्टर (डॅशबोर्डवरचा मीटरचा संच) जळाल्यावर नव्यात जुनं रीडिंग भरणं. तेव्हा जॉब कार्डवर जुना-नवा दोन्ही आकडे लिहून घ्यावेत.

‘तपासणं घेणाऱ्याचं काम.’ करार कायद्याच्या कलम 19 मध्ये असा अपवाद आहे खरा, पण तो नकळत दिलेल्या चुकीच्या माहितीपुरता आणि गप्प राहण्यापुरता. मीटर फिरवणं म्हणजे मुद्दाम लपवणं. तिथे हा बचाव चालत नाही, करार रद्द करून मागता येतो.

‘कुणाला कळत नाही.’ सर्वांत चुकीचा दावा हाच. स्वस्तातलं काम करणारा क्लस्टरमधल्या मेमरी चिपला क्लिप लावतो किंवा ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या संगणकाला यंत्र जोडायची जागा) आकडा बदलतो. अनेक गाड्यांत तो इंजिनच्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणारा संगणक) किंवा ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतही असतो, आणि तिथला अनेकदा तसाच राहतो. स्टिअरिंगखालच्या 16 पिनच्या पोर्टला साधा ओबीडी ॲडॉप्टर लावून ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ पाहा, म्हणजे बिघाडाचे कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली ते. मीटरवर 42,000 आणि इथे 61,000 असेल तर मीटर फिरवलाय, किंवा क्लस्टर वा ईसीयू बदललाय; त्याची कागदपत्रं नसतील तर फिरवलाय असंच धरा. मात्र उलट निष्कर्ष काढू नका: कोड पुसले की ही नोंद शून्यावर येते, आणि ती 65,535 च्या पुढे जात नाही.

मग क्लस्टरमागची वायरिंग पाहा. कंपनीच्या सॉकेटमध्ये आणखी एक छोटी डबी अडकवलेली दिसली, तर तो किलोमीटर मोजणं थांबवणारा ब्लॉकर असू शकतो. त्याने गाडीतल्या इतर संगणकांतही खरा आकडा जमा झालेला नसू शकतो. अशा वेळी टायर बोलतात. बाजूवरचे शेवटचे चार अंक, उदाहरणार्थ 2324, म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. 2020 ची गाडी 25,000 चाललेली म्हणतात आणि चारही टायर 2024 चे, तर का बदलले ते विचारा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मालकाकडून मागवाच.

नुकसान पैशांपुरतं नाही. टायमिंग बेल्टच्या गाडीत बेल्ट एक लाखाला बदलायचा असेल आणि मीटर 55,000 दाखवत असेल, तर नवा मालक निर्धास्त राहतो. बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. खर्च थेट इंजिन उघडण्याचा.

विक्रीच्या करारात लिहून घ्या: “आजचं रीडिंग अमुक, ते खरं असल्याची विक्रेत्याची हमी.” विक्रेता डीलर असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, खाजगी मालक असेल तर पोलीस किंवा दिवाणी न्यायालय.