निवळी दुधाळ झाली, मग पुढे?

परवा शाळेतले जुने मित्र भेटले आणि विषय निघाला, शाळेत सायन्समधलं सगळ्यात जास्त काय आवडायचं. सगळ्यांचं उत्तर एकच, जे पेटायचं आणि जे फुटायचं ते. मॅग्नेशियमची फीत तो पांढराशुभ्र उजेड पाडत जळायची, हायड्रोजनच्या नळीशी काडी नेली की 'फट्' व्हायचं. एकाला तर फक्त मोरचूद आठवत होतं, तापवलं की निळ्याचं पांढरं होणारं आणि पाण्याचा थेंब पडला की परत निळं. छानच होतं ते सगळं, पण माझं उत्तर वेगळंय.

मला आवडायचं ते पुस्तकातलं वाक्य संपल्यावर जे व्हायचं ते. आता चुन्याची निवळीच घ्या, नळीने फुंकलं की निवळी दुधाळ होते, हे वाक्य आपल्यापैकी कुणीही झोपेतसुद्धा म्हणेल. पुस्तक तिथंच थांबायचं. पण आमच्या बाईंनी एकदा निवळी बरीच पातळ करून दिली आणि म्हणाल्या, थांबू नका, फुंकत राहा. आम्ही आळीपाळीने फुंकतोय, गाल दुखायला लागले, मागचे बाक हसतायत, आणि हळूहळू ते दूध परत निवळायला लागलं की! शप्पथ सांगतो, तेव्हा झालेला आनंद मला नंतर कुठल्याच मार्कांनी झाला नाही. मग बाईंनी सांगितलं की आधी तयार होतं ते कॅल्शियम कार्बोनेट, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून पांढरं दिसतं, पण कार्बन डायऑक्साइड येतच राहिला तर त्याचं बायकार्बोनेट होतं आणि ते विरघळतं. आणि चुनखडीच्या गुहा पोखरल्या जातात त्या याच रिअ‍ॅक्शनने, फक्त तिथे फुंकणारं कुणी नसतं आणि वेळ हजारो वर्षांचा असतो. माझ्या हातातल्या टेस्टट्यूबमध्ये गुहा!

दुसरी गोष्ट लंबकाची. एक मीटर दोरा, 20 आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून g, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण, काढायचा. आमच्या ग्रुपचा आला 10.9. बाकी सगळ्यांचा 9.8, अगदी सुबक, कारण (आता सांगायला हरकत नाही) सगळे 9.8 धरून उलटी आकडेमोड करायचे आणि रीडिंग नंतर भरायचे. जर्नलमध्ये 9.8 आला की सही मिळायची, आमच्यावर लाल रेघ. मी चिडून घरी परत दोरा टांगला, पुन्हा 38 सेकंद, पुन्हा 10.9. दोन दिवस डोक्यात तेच. मग ट्यूब पेटली, गोळा सोडताना मी 'एक' म्हणत होतो! म्हणजे 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलनं झालेली असायची 19. 'शून्य' म्हणून सुरुवात केली, वेळ आला 40 सेकंद, आणि उत्तर आलं 9.8च्या अगदी जवळ. कुणाचंही न बघता.

त्या लाल रेघेचा राग मला अजून आहे. चुकलेल्या उत्तरात चूक कुठंय ते शोधणं हीच तर खरी मजा होती आणि आम्हाला तीच लपवायला शिकवलं गेलं. मेंडेलीव्हने 1869 मध्ये मूलद्रव्यांचं टेबल केलं तेव्हा अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी रिकाम्या जागा सोडल्या होत्या, हे आम्ही तीन मार्कांसाठी पाठ केलं, पण पुढची गंमत कुणी सांगितली नाही. 1875 मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाला त्यातल्याच एका जागेवरचं गॅलियम सापडलं, त्याने घनता मोजली 4.7, आणि मेंडेलीव्हने तो धातू डोळ्यांनी न बघताच कळवलं की ही 5.9च्या आसपास असायला हवी, परत मोजा. त्या माणसाने आकडा खोडून नवा लिहिला नाही हो, धातू जास्त शुद्ध करून खरंच परत मोजला. आली 5.9! हे वर्गात सांगितलं असतं तर मागचे बाकसुद्धा ऐकत बसले असते.

बायॉलॉजीबद्दल मी काही बोलत नाही, माझ्या आकृत्या बघून बाईंना हसू आवरायचं नाही.

पण लंबकाची सवय मात्र लागली ती लागलीच. आजही पोरीला झोका देताना ती म्हणते बाबा वीस झोके मोज, आणि मी पहिल्या धक्क्याला 'शून्य' म्हणतो. तिला वाटतं बाबाला मोजता येत नाही.