तडजोड, समरी आणि माझी एक चूक

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा आयटी कायद्याचं कलम ७७-ए उघडून बसलो आणि राग उतरला.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दुसऱ्याची ओळख चोरून केलेल्या गुन्ह्यांच्या केसेस तालुक्याच्या कोर्टात कशा निकाली निघतात, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. ताईंचं म्हणणं असं की मी ‘मिटवा आणि मोकळे व्हा’ असा सल्ला दिला, आरोपी दुसऱ्या दिवशी गावात फिरतो याचं मला काहीच वाटत नाही, आणि आयटी कायद्याचं ६६-सी, म्हणजे ओळखचोरीचं कलम, ‘तडजोडयोग्य आहे’ हे मी अर्धवट सांगितलं.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे तो कोर्ट तडजोडीने मिटवू शकतं, हे खरं. पण त्याच ७७-ए मध्ये पुढे लिहिलंय की गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा अठरा वर्षांखालच्या मुलाविरुद्ध झाला असेल तर कोर्टाने तो मिटवू नये. मी हे परंतुक, म्हणजे हा अपवाद, गाळला. म्हणजे एखाद्या मुलीचा पासवर्ड चोरून तिच्या खात्यावरून कुणी मेसेज पाठवले, पुढे घरच्यांनी बसून समेट केला, तरी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दोघांच्या सहीची पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन केस संपत नाही. अशा पुरसिस येतात मात्र. त्या रेकॉर्डला लागतात आणि पुढची तारीख पडते. मग दोन्ही बाजूंना उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, आता नव्या संहितेचं ५२८. ग्यान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हा रस्ता स्पष्ट केला. आमच्या साताऱ्याकडच्या पक्षकारांना त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झालं, तेवढा प्रवास वाचला.

दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढल्याच्या केसमध्ये गुंता वेगळा. जुन्या दंडसंहितेची ४१९ (तोतयेगिरी) आणि ४२० (फसवणूक) ही कलमं कोर्टाच्या परवानगीने मिटतात. पण खोटी सही केली, खोटं कागदपत्र खरं म्हणून वापरलं, म्हणजे ४६८ आणि ४७१ लागली, की खालच्या कोर्टात मिटतच नाही. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे नवे आकडे लागतात. बार रूममध्ये मात्र अजून चारशेवीसच चालतं.

आता जामीन. ६६-सी आणि ६६-डी (संगणक किंवा फोन वापरून तोतयेगिरीने फसवणूक) दोन्ही जामीनपात्र आहेत, त्याच कायद्याचं ७७-बी तसं म्हणतं. आरोपी सुटतो तो कुणाच्या मेहरबानीने नव्हे, तो त्याचा हक्कच आहे. तुम्हाला हा कायदा सैल वाटतो, आणि इथे मी वाद घालणार नाही. शिक्षेचंही तसंच. कलमात दंड एक लाखापर्यंत लिहिलाय, पण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला जुन्या संहितेखाली दहा हजारांच्या वर दंड करताच येत नव्हता. आता ती मर्यादा पन्नास हजार आहे. पहिलाच गुन्हा, आरोपी तरुण, तर परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा अर्ज हमखास येतो. पण दंड न लावता थेट फिर्यादीला नुकसानभरपाई द्यायचा हुकूम झाला (जुनं ३५७(३), नवं ३९५), तर त्या रकमेला ही मर्यादा लागू नाही. हे फिर्यादीने सरकारी वकिलांच्या कानावर घालावं लागतं, आपणहून क्वचितच कुणी मागतं. तडजोडीचं नाव काढलं की तुम्ही चिडता, पण कित्येकदा फिर्यादीच्या हातात पैसे पडतात ते तडजोडीतच.

निकालापर्यंत गेलेल्या केसेस का पडतात, यावर तुम्ही ‘सेटिंग’ हा एकच शब्द वापरलाय. माझ्या पाहण्यात कारणं त्यापेक्षा कंटाळवाणी आहेत. स्क्रीनशॉटच्या प्रिंट लावल्या, प्रमाणपत्र नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून पेटलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठणकावून सांगितलं की मूळ उपकरण हजर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-बी चं प्रमाणपत्र हवंच. नव्या साक्ष अधिनियमात ते दोन भागांत द्यायचं, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट. तपास पोलीस निरीक्षकाने किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असं आयटी कायद्याचं कलम ७८ सांगतं. तो उपनिरीक्षकाने केला असेल तर आरोपीचा वकील पहिल्याच उलटतपासात तिथे बोट ठेवतो. आणि खोट्या प्रोफाइलमध्ये फक्त नाव आणि फोटो वापरला असेल, तर हे ६६-सी मधलं ‘एकमेव ओळखचिन्ह’ आहे का, यावर तासभर युक्तिवाद होतो. मी स्वतः आरोपीतर्फे तो केलाय. लपवत नाही.

पण तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मला जास्त लागलं: ‘केस संपली तरी माझं नाव कुठे धुतलं जातं?’ यावर मी मूळ लेखात अवाक्षर लिहिलं नव्हतं.

माझ्याकडे एक मुलगा आला होता. खोली भाड्याने घेताना दिलेल्या आधार-पॅनच्या झेरॉक्सवर तीन अॅपची कर्जं निघालेली. आरोपी सापडला नाही, पोलिसांनी कोर्टाकडे ए समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली. तो म्हणाला, ‘सर, हरलो ना आपण?’ मी त्याला सांगितलं की ए समरीचा अर्थच मुळी असा की गुन्हा खरा आहे, करणारा मिळत नाही. बी म्हणजे फिर्याद खोटी. सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. त्याची ए कोर्टाने मंजूर केली, आम्ही त्या आदेशाची नक्कल काढली आणि पतमाहिती कंपनीकडच्या (कुणाची किती कर्जं याची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीकडच्या) तक्रारीला जोडली. तिथे तीस दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आरोपी आजही मोकळाच आहे. मुलाचं नाव मात्र चार महिन्यांनी साफ झालं.

तुमच्या केसमध्ये काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इथे उघड लिहूही नका. समरीची नोटीस आली असेल तर त्या तारखेला स्वतः हजर राहा. ए असेल आणि तपासात काही राहून गेलं असेल, उदाहरणार्थ पैसे ज्या खात्यात गेले त्या खातेदाराचा जबाबच घेतला नसेल, तर लेखी हरकत घ्या आणि पुढचा तपास मागा. सी असेल तर हरकत घ्याच. मूळ लेखातला तडजोडीचा परिच्छेद आज रात्री दुरुस्त करतो, वर तारीख टाकून.